शिष्यवृत्ती आणि प्राप्तिकर

शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती भारतात करमुक्त आहे. प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम १० (१६) मधील ही सूट जेमतेम एका ओळीची असून तिला रकमेची मर्यादा नाही. देणारे सरकार असो वा खासगी न्यास, नियम तोच. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या नव्या अधिनियमातही ती कायम आहे. नव्या करप्रणालीत घरभाडे भत्त्यासारख्या सवलती मिळत नाहीत. ही मात्र मिळते.

शिक्षणाचा खर्च म्हणजे केवळ फी नव्हे. पुस्तके, वसतिगृह, खाणावळ हेही त्यात येते. म्हणूनच महाडीबीटीवरून मिळणारी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि बार्टी किंवा सारथीची संशोधन अधिछात्रवृत्ती एकाच सुटीखाली येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, म्हणजे वर्षाला ४,४४,००० रुपये आहे. नव्या करप्रणालीतील ४ लाखांच्या मूळ मर्यादेपेक्षा ही रक्कम जास्त असली, तरी तिच्यावर कर नाही.

खरा वाद विद्यावेतनाचा. पैसे शिकण्यासाठी मिळतात की केलेल्या कामाबद्दल, ही कसोटी आहे. नाव काय दिले याला महत्त्व नाही. पदव्युत्तर शिक्षण घेणारे निवासी डॉक्टर शिकतातही आणि रुग्णसेवाही करतात, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या बाबतीत वारंवार उठतो. कामाचा मोबदला ठरल्यास ती रक्कम पगाराप्रमाणे करपात्र होते. कायद्याने इथे अधिक स्पष्ट बोलायला हवे होते; त्या मौनाचा भार विद्यार्थ्यांवर पडतो.

शिष्यवृत्ती बँकेत ठेवून मिळालेले व्याज करपात्र असते. मूल अज्ञान असेल तर ते व्याज सामान्यतः जास्त उत्पन्न असलेल्या पालकाच्या उत्पन्नात मिळवले जाते.

अमेरिकेत नियम कडक आहे. १९८६ च्या करसुधारणेनंतर पदवीच्या विद्यार्थ्याला फक्त शिक्षणशुल्क आणि अभ्यासक्रमासाठी सक्तीची पुस्तके व साहित्य यांपुरतीच सूट मिळते. राहण्या-जेवणासाठीची रक्कम करपात्र असते. अध्यापन-साहाय्याचा मोबदला वेतन ठरतो. तिथे शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना मात्र दोन देशांतील करकराराच्या कलम २१ मुळे प्रमाणित वजावट घेता येते. इतर बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना ती मिळत नाही.

भारतात संस्थेने उगमस्थानी कर कापला असेल, तर विवरणपत्र भरून परतावा मागता येतो. शिष्यवृत्तीचा हेतू नमूद करणारे मंजुरीपत्र त्यासाठी जपून ठेवावे.