निदानाचा खर्च कोणाचा? : संकेश्वर-निपाणी परिसरातील कष्टकरी आणि आरोग्यविम्याचा इतिहास

प्रास्ताविक

आरोग्यविम्याचा इतिहास सांगताना रुग्णालये, शस्त्रक्रिया आणि त्यांवरील खर्च यांचा विचार सामान्यतः होतो. आजाराचे नाव कळेपर्यंतच्या काळाची नोंद मात्र फारशी घेतली जात नाही. गरीब कुटुंबाची पहिली उसनवारी पुष्कळदा याच काळात सुरू होते. प्रस्तुत लेखात बेळगाव जिल्ह्यातील संकेश्वर-निपाणी या सीमाभागातील साखर व तंबाखू व्यवसायातील कष्टकऱ्यांच्या संदर्भात या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा घ्यावयाचा आहे.

उर्दूत निदानाला 'तशखीस' म्हणतात. हा शब्द आणि 'शख्स' हा शब्द एकाच धातूपासून आले आहेत. एखाद्याची नेमकी ओळख पटविणे, असा त्याचा आशय आहे. मराठीत 'निदान' म्हणजे मूळ कारण, आणि 'निदान' म्हणजे किमान. आजारी माणसाला निदान त्याच्या आजाराचे नाव तरी कळावे, ही अपेक्षा मोठी नाही. तरीही ती पूर्ण करण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर आपल्या योजनांनी क्वचितच दिले.

नाडीपासून यंत्रापर्यंत

हकीम नब्ज म्हणजे नाडी पाहत, कारूरा म्हणजे मूत्र तपासत. वैद्यही नाडी, जीभ आणि डोळे पाहून निर्णय देत. या परीक्षेच्या अचूकतेविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु तेथे निदान आणि उपचार एकाच माणसाच्या हाती होते व तपासणीसाठी दुसऱ्या गावी जावे लागत नसे.

१८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला आणि १८९५ मध्ये राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर निदान हळूहळू सूक्ष्मदर्शकाकडे आणि यंत्राकडे गेले. आपल्या भागात हा बदल प्रामुख्याने मिरजेच्या मार्गाने आला. १८८९ मध्ये भारतात आलेले अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील रुग्णांचे ते मोठे आशास्थान बनले. यंत्रामुळे निदान अधिक खात्रीचे झाले, हा मोठाच लाभ होय. परंतु तपासणीला आता स्वतंत्र किंमत आली, स्वतंत्र ठिकाण आले आणि त्या ठिकाणी जाण्यासाठी बुडणारी मजुरीही आली.

१९४८ चा कायदा आणि हंगामी कारखाना

औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्यासंबंधी प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये अहवाल दिला. १९४६ च्या भोर समितीने पैसे नाहीत म्हणून कोणीही वैद्यकीय सेवेपासून वंचित राहू नये, हे तत्त्व मांडले. पुढे १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा प्रारंभ झाला.

या योजनेचे एक वैशिष्ट्य येथे लक्षात घेण्याजोगे आहे. विमाधारक कामगार केवळ तक्रार घेऊन दवाखान्यात जाऊ शकत होता. आजाराचे नाव अगोदर माहीत असण्याची अट नव्हती. ताप, खोकला किंवा अशक्तपणा एवढेच सांगितले, तरी तपासणी करणे ही योजनेची जबाबदारी होती.

परंतु याच कायद्याने 'हंगामी कारखाने' वगळले. त्यांच्या व्याख्येत कापसाचे जिनिंग, भुईमूग फोडणे, चहा, कॉफी, रबर यांच्याबरोबर साखर आणि गूळ यांचाही समावेश होता. संकेश्वरची ओळख हिरण्यकेशी नदी, मिरची आणि हिरण्यकेशी सहकारी साखर कारखाना यांनी आहे. म्हणजे ज्या उद्योगावर या गावाचे अर्थकारण उभे राहिले, नेमका तोच प्रकार देशातील पहिल्या मोठ्या आरोग्यविम्याच्या बाहेर राहिला. मुकादमाकडून उचल घेऊन टोळीने येणारे ऊसतोड मजूर तर कारखान्याच्या हजेरीपटावरही नसतात. हंगाम संपला की कारखान्याचा संबंध संपतो, आजार मात्र बारमाही असतो.

निपाणीची वखार

निपाणीच्या तंबाखू वखारींत आणि विडी व्यवसायात स्त्रियांचा भरणा मोठा. देशपातळीवर पाहता, तंबाखू उत्पादनांच्या निर्मितीत मुस्लिम कामगारांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने अधिक असल्याचे सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदविले आहे. त्यामुळे हा विषय आपल्या समाजाच्या दृष्टीने विशेष जिव्हाळ्याचा आहे.

विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये सेवाशर्तींचा आणि १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला. विडीवरील उपकरातून दवाखाने चालविणे, क्षयरोग रुग्णालयांत खाटा राखून ठेवणे अशा तरतुदी झाल्या. लाभासाठी ओळखपत्र आवश्यक होते. घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीचे नाव ठेकेदाराच्या वहीत नसेल, तर ते मिळविणे अवघड जाई. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर हा उपकरही रद्द झाला.

निपाणीत प्रा. सुभाष जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू कामगार स्त्रियांची संघटना उभी राहिली. 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ मध्ये या लढ्यावर माहितीपट तयार केला. वेतन, कामाचे तास आणि वागणूक हे लढ्याचे विषय होतेच. वखारीतील धूळही या स्त्रियांच्या जगण्याचा भाग होती. तंबाखूच्या धुळीत काम करणाऱ्या बाईचा खोकला सर्वांच्या अंगवळणी पडतो. 'तंबाखूचा खोकला आहे' असे ती म्हणते, घरचे म्हणतात आणि कधी कधी डॉक्टरही म्हणतात. अशा वेळी निदान लांबते.

शस्त्रक्रियेचा विमा

एकविसाव्या शतकात विम्याची दिशा बदलली. कर्नाटकात १ जून २००३ पासून सहकारी शेतकऱ्यांसाठी 'यशस्विनी' योजना अमलात आली. वर्षाला माणशी ६० रुपये, म्हणजे महिन्याला ५ रुपये वर्गणीत सोळाशेहून अधिक शस्त्रक्रियांना संरक्षण मिळाले. सहकाराचे जाळे असलेल्या आपल्या भागाच्या दृष्टीने ही महत्त्वाची घटना होती. मात्र तपासणीचे शुल्क माफ असले, तरी रक्ताच्या व इतर चाचण्यांवर फक्त सवलत होती. सहकारी संस्थेचे सभासदत्व नसलेला भूमिहीन मजूर प्रारंभी तिच्या बाहेरच राहिला. ही योजना २०१८ मध्ये 'आरोग्य कर्नाटक'मध्ये विलीन झाली आणि २०२२-२३ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आली.

२००८ च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कुटुंबास ३०,००० रुपयांचे आणि २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेत ५ लाख रुपयांचे संरक्षण मिळाले. रक्कम वाढली, परंतु दोन्ही योजना रुग्णालयात दाखल होण्याशी बांधलेल्या. आयुष्मान भारत योजनेत दाखल होण्यापूर्वीच्या ३ दिवसांच्या तपासण्या धरल्या जातात. ज्याला नाव कळण्यासाठी आठ महिने फिरावे लागते, त्याला हे ३ दिवस पुरत नाहीत.

सीमाभागात आणखी एक अडचण येते. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी संकेश्वर, कोल्हापूर आणि मिरज एकाच मुंबई राज्यात होती. पुनर्रचनेनंतर रुग्णाची वाट तीच राहिली, पण कागदांची भाषा आणि योजनांची हद्द बदलली. गडहिंग्लज संकेश्वरपासून हाकेच्या अंतरावर असले, तरी ते दुसऱ्या राज्यात आहे.

१९६३ चा धडा

बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतर्फे तुमकूर जिल्ह्यात झालेला बॅनर्जी आणि अँडरसन यांचा अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. खेड्यातील क्षयरुग्ण अज्ञानामुळे दवाखान्यात येत नाहीत, असा तेव्हा समज होता. निम्म्याहून अधिक रुग्ण आपण होऊन दवाखान्यात गेले होते, असे या अभ्यासात आढळले. त्यांतील बहुतेकांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठविले गेले होते.

साठ वर्षांनंतरही हे चित्र पुसले गेलेले नाही. माझ्या एका विद्यार्थिनीची आई वखारीत कामाला जाई. खोकला आणि बारीक ताप घेऊन त्या आठ महिने निरनिराळ्या दवाखान्यांत गेल्या. प्रत्येक ठिकाणी नव्याने रक्त तपासले गेले, जुने कागद कोणी पाहिले नाहीत. मुलीने परीक्षेच्या शुल्कासाठी साठविलेले पैसे त्यात गेले. अखेर सरकारी केंद्रात थुंकीची तपासणी झाली आणि क्षयाचे निदान झाले. ती तपासणी मोफत होती. आजार कळला तेव्हा औषधही मोफत मिळाले आणि त्या बऱ्या झाल्या. सर्व खर्च झाला तो नाव शोधण्यात.

समारोप

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. तथापि वरील आढाव्यावरून असे दिसते की, जुन्या कामगार योजना तक्रारीपासून सुरू होत, पण त्यांत आपले कष्टकरी बसत नव्हते. नव्या योजनांत ते बसतात, पण त्या आजाराच्या नावापासून सुरू होतात. या दोहोंमधील अंतर आजही कुटुंबच आपल्या पैशाने भरते.

क्षयाच्या थुंकी तपासणीने मोफत निदान शक्य आहे हे दाखवून दिले आहे. हे तत्त्व इतर आजारांना लागू करण्याची मागणी आपण करावयास हवी. तोपर्यंत दोन गोष्टी आपल्या हाती आहेत. जकात व सदक्यातून उपचारासाठी मदत करताना आपण बहुधा शस्त्रक्रियेचे पत्रक मागतो. तपासणीच्या टप्प्यावरच मदत दिली, तर थोड्या रकमेत मोठे काम होईल. दुसरे असे की, घरातील आजारामुळे वर्गात गैरहजर राहणारा विद्यार्थी आपल्याला प्रथम दिसतो. त्याच्याकडून आजाराच्या तारखा, लक्षणे आणि जुने अहवाल एका वहीत क्रमाने लावून घेणे आणि त्याला योग्य सरकारी केंद्राची वाट दाखविणे, एवढे शिक्षकाला निश्चित करता येईल.