घोटाईची कुळकथा

फियाट घराण्याच्या गाड्यांच्या दोन पिढ्या शिरूर तालुक्यात आज शेजारी शेजारी नांदू शकतात. नवी पिढी रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत जन्मते. जीप कंपास 2017 पासून तिथल्या फियाटच्या कारखान्यातच तयार होते. जुनी पिढी कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने फियाट 1100 बनवली आणि पुढे तिचीच पद्मिनी झाली. नव्या गाडीच्या रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो. जुन्या पिढीच्या एकरंगी गाड्यांवर असा वेगळा थर नसे. ऊन, धूळ, पाणी सगळे थेट रंगावरच पडे. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत अशा गाडीचा पत्रा आधी गंजतो. निमोणे ते दौंड या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात पाऊस बेताचा आणि ऊन भरपूर, म्हणून पत्रा शाबूत असतानाच रंग पांढरट पडलेला दिसण्याची शक्यता इथे जास्त. अशी गाडी गॅरेजात नेली की बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: रंग मेला, खरवडा आणि नवा मारा. हा सल्ला घाईचा आहे. जुना रंग घोटून उजळवण्याची रीत दुरुस्तीतली पळवाट म्हणून निघालेली नाही. रंगकामाच्या अखेरच्या पायरीतूनच ती जन्मली, आणि तिचे कूळ तपासले की त्या रंगाला दुसरी संधी का द्यायची हेही कळते.

आधी रंग ‘मरतो’ म्हणजे काय होते ते पाहू. रंगात मुख्यतः दोन घटक असतात: रंग देणारी भुकटी, म्हणजे रंगद्रव्य, आणि तिला धरून ठेवणारे बंधक. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू मिळून हे बंधक वरून खाली झिजवत नेतात. पांढऱ्या रंगातले टायटॅनियम डायऑक्साइड तर काही प्रकारांत उन्हाच्या जोडीने ही झीज वाढवतेही. बंधक गेले की रंगद्रव्य मोकळे पडते आणि हात फिरवला तर खडूसारखी पूड लागते. पृष्ठभाग खडबडीत झाल्यामुळे प्रकाश सरळ परतण्याऐवजी चहूकडे विखुरतो, आणि मूळचा लालभडक रंग फिक्या गुलाबी सायीखाली गेल्यासारखा दिसतो. महत्त्वाची गोष्ट अशी, की ही पडझड वरून सुरू होते. थर पुरेसा जाड उरला असेल, तर खाली जिवंत रंग असतोच. म्हणून गाडी रंगवायची की उजळवायची, हे वरच्या पांढरटपणावरून ठरवता येत नाही. खाली किती रंग उरला आहे, यावर ते ठरते.

वरचा थर अलगद काढून खालचा मोकळा करण्याची ही विद्या मोटारीपेक्षा जुनी आहे आणि ती पत्र्यावर नाही, लाकडावर वाढली. घोडागाड्या रंगवणारे कारागीर जवसाचे तेल आणि कोपलसारख्या राळेपासून केलेल्या वार्निशचे थर एकावर एक देत. मधले थर पाणी आणि प्युमिस दगडाच्या पुडीने घासून सपाट करत, आणि जिथे आरशासारखी चमक हवी तिथे त्याहून मऊ मातीच्या पुडीने घोटत. फर्निचरच्या फ्रेंच पॉलिशमध्ये भारतातून जाणारी लाख असे, आणि चपडा लाखेचे ते द्रावणही कापडाच्या बोळ्याने घोटूनच चढवावे लागे. आपल्या सावंतवाडीच्या लाखकामात कातावर फिरणाऱ्या लाकडावर लाखेची कांडी दाबली जाते आणि घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर बसते. पद्धती वेगळ्या, पण चमक घर्षणातून आणायची, ही समज सगळीकडे एकच. वाहनांच्या पॉलिशच्या धंद्याचे मूळही इथेच सापडते: फ्रँक मेग्वायर यांनी 1901 साली अमेरिकेत सुरू केलेला व्यवसाय आधी फर्निचरच्या पॉलिशचा होता.

मोटारी आल्या तेव्हा त्यांच्या अंगावर घोडागाडीचेच वार्निश होते आणि ते वाळायला आठवडे लागत. ही अडचण ड्युपाँट कंपनीच्या ड्यूको नावाच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरने सोडवली. जनरल मोटर्सने 1923 साली ओकलंड गाड्यांच्या पुढच्या वर्षाच्या मॉडेलवर ते वापरले आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. आपल्याकडे फर्निचरच्या कारखान्यांत आजही फवाऱ्याच्या रंगाला ड्यूकोच म्हणतात. या लॅकरचा एक गुण इथे कळीचा आहे. फवारल्यावर ते पुरते चमकत नसे. कारखान्यातल्या कामगाराला ते कंपाऊंड, म्हणजे घासणारी लुगदी, लावून घोटावे लागे, तेव्हा कुठे गाडी विकायला तयार होई. म्हणजे घोटाई ही रंगकामाचीच शेवटची पायरी होती. वीस-तीस वर्षांनी पांढरट पडलेल्या लॅकरवर तीच पायरी पुन्हा केली, तर रंगावर उपरे काहीच लादले जात नाही.

पुढे भट्टीत भाजलेली एनॅमल आली. ती मुळातच चमकदार निघत, त्यामुळे कारखान्यात घोटाईची गरज घटली. 1980च्या दशकात क्लिअर कोट जगभर रुळला आणि घोटण्याजोगा रंगच पारदर्शक थराखाली गेला. ही विद्या मात्र गॅरेजांत टिकली, कारण एन. सी. पेंट, म्हणजे तोच नायट्रोसेल्युलोजचा रंग, मारल्यावर तो रबिंग करून उजळवावाच लागे. लांबी भरणारा, डेंटिंग-पेंटिंग करणारा कारागीर आजही ते करतो. नव्याने मारलेल्या रंगाला दिला जाणारा हा हात जुन्या रंगालाही द्यायला हवा, एवढाच माझा आग्रह आहे.

आता रीत. आधी गाडी नीट धुवावी, कारण अडकलेला एखादा खडाही ओरखडे पाडतो. मग झाकल्या कोपऱ्यात पांढरे पॉलिश कापडाने घासून पाहावे. कापडाला गाडीचा रंग लागला, तर वर क्लिअर कोट नाही. अशा कोरड्या रंगावर खनिज तेलाचे, कमी घर्षणाचे ग्लेझ भरपूर चोळून रात्रभर मुरू द्यावे. दुसऱ्या दिवशी ते पुसून सौम्य कंपाऊंड, त्यानंतर पॉलिश, आणि शेवटी मेण. कडा आणि पत्र्याच्या घड्या जपाव्यात, तिथे थर सर्वांत पातळ असतो.

या रीतीवर पहिला आक्षेप असा, की तेलाने मेलेले बंधक जिवंत होत नाही, ही नुसती रंगसफेदी आहे. पहिला भाग खरा आहे. तेल बंधकाची जागा घेत नाही. ते बारीक भेगा आणि पोकळ्या भरते, म्हणून प्रकाश कमी विखुरतो, आणि हा परिणाम कायम टिकत नाही. पण तेलाचे मुख्य काम वेगळे आहे. कोरड्या रंगावर थेट कंपाऊंड फिरवले तर तो भराभर निघतो. तेल मुरलेल्या पृष्ठभागावर घर्षण घटते आणि तेवढ्याच उजाळ्यासाठी रंग कमी खर्ची पडतो. दुसरा आक्षेप: घोटून रंग शेवटी कमीच होतो, मग आज ना उद्या रंगवावेच लागेल. हेही खरे, आणि म्हणूनच रोज घोटू नये. एकदा उजळवावे, मग मेणाने आणि सावलीने राखावे. तिसरा आक्षेप व्यवहाराचा: नवा रंग जास्त टिकतो. टिकेल, पण तो बहुधा बाहेरूनच मारला जातो. दारांच्या आतल्या कडा आणि डिकीचा कोपरा जुन्याच छटेत राहतात आणि गाडी दुरंगी होते. शिवाय जुन्या पिवळ्या-केशरी रंगांत शिशाचे क्रोमेट सर्रास असे. तो कोरडाच खरवडला की विषारी धूळ कारागिराच्या छातीत जाते.

मर्यादा मात्र मोकळेपणाने सांगायला हव्यात. प्राइमर दिसू लागला असेल, रंगाला खोल तडे गेले असतील, किंवा खालून गंज फुगला असेल, तर घोटाई व्यर्थ आहे. क्लिअर कोटचे पापुद्रे सुटलेल्या गाडीलाही ही रीत लागू नाही. पण जिथे पत्रा घट्ट आहे आणि रंग नुसता पांढरट पडला आहे, तिथे खरवडणे हा शेवटचा उपाय असावा. मुंबईच्या शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची मुदत 2023 च्या ऑक्टोबरात संपली. ही गाडी आता नव्याने बनत नाही आणि कुर्ल्यात तिच्यावर चढलेला रंगही पुन्हा चढणार नाही. नवा रंग केव्हाही मारता येतो, खरवडलेला मूळ रंग मात्र कोणत्याही किमतीला परत मिळत नाही. म्हणून गॅरेजवाल्याने गिऱ्हाइकाला नव्या रंगाचा भाव सांगण्याआधी बॉनेटचा एक वीतभर चौकोन घोटून दाखवावा, आणि गिऱ्हाइकाने तो पाहिल्याशिवाय खरवडायला हो म्हणू नये.