'बेरड' : एका विशेषणाची वंशावळ

काही वर्षांपूर्वी एका विनोदी पुस्तकाच्या परीक्षणात मी 'बेरड हजरजबाबीपणा' असा शब्दप्रयोग केला होता आणि तो मला अगदी नेमका वाटला होता. 'निर्लज्ज' या शब्दात नैतिक निवाड्याचा कोरडेपणा आहे, 'निगरगट्ट'मध्ये नुसता जडपणा. रागावून, मारूनही ज्याच्यावर काही परिणाम होत नाही अशा माणसाचे चित्र 'बेरड'च उभे करतो, आणि त्यात थोडे कौतुकही मिसळलेले असते. ते परीक्षण वर्गात वाचून दाखविल्यावर सीमाभागातून आलेला एक विद्यार्थी तास संपल्यावर थांबला व एवढेच म्हणाला, "सर, ती आमची जात आहे."

जातिनामाचे विशेषण झाले की विशेषणाचे जातिनाम, हा प्रश्न अशा शब्दांबाबत प्रथम विचारावा लागतो. 'ठग' हा शब्द आधी केवळ फसविणारा या अर्थाचा होता. १८३०च्या दशकात स्लीमनच्या मोहिमेने त्याला एका संघटित जमातीचे रूप दिले. 'बेरड'चा प्रवास नेमका उलट आहे. कन्नडात 'बेड' म्हणजे शिकारी, त्याचे अनेकवचन 'बेडरु'. मराठीत येताना वर्णविपर्ययाने 'बेडर'चे 'बेरड' झाले. मूळ शब्दात निर्लज्जपणाचा अंशही नाही. कन्नड भाषकाच्या कानाला तर हा शब्द भक्ताच्या नावाशी जोडलेला आहे : शिवाला स्वतःचे डोळे अर्पण करणारा बेडर कण्णप्प. तेव्हा अर्थाचा हा अपकर्ष मराठीतच घडला आहे. कोशात अशा अर्थापुढे 'लाक्षणिक' अशी खूण करून आपण मोकळे होतो. पण लक्षणेलाही काही प्रयोजन लागते, हे साहित्यशास्त्र शिकविणाऱ्यांनी तरी विसरू नये.

ते प्रयोजन इतिहासात शोधावे लागते. औरंगजेबाने जातीने चालविलेला अखेरचा वेढा १७०५ साली वाकिणखेड्याला पडला, तो बेरडांच्या पिड्या नायकाविरुद्ध. धनाजी जाधवांची मराठी फौज त्या वेळी बेरडांच्या मदतीला धावली होती. ठाणे पडले, पण नायक हाती लागला नाही. पुढे १८५७ मध्ये इंग्रजांनी हत्यारे जमा करण्याचा हुकूम काढला, तेव्हा मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेरडांनी ती देण्याचे नाकारले; गावावर फौज गेली, पकडलेल्यांना फाशी झाली. या प्रसंगावरची कन्नड लावणी फ्लीटने संकलित केली आहे. म्हणजे ज्या वृत्तीवर कन्नड लोकगीत रचले गेले, तिच्याजवळ येणारी वृत्ती मराठीत खोडकर पोराला रागावताना आठवते. 'बेरड' कोणाला म्हणावे, हे मारणाऱ्या हाताच्या बाजूने ठरते. शिक्षा करणारा आधी गृहीत धरल्याशिवाय या विशेषणाला अर्थच उरत नाही.

याच जमातीच्या पोटनामांत 'नाईकवाडी' आणि 'तलवार' ही नावे आहेत. मराठी कानाला दुसऱ्यात शस्त्र ऐकू येते. वस्तुतः कर्नाटकात 'तळवार' म्हणजे गावाचा राखणदार. राखणीचे काम ज्यांच्याकडे होते, ते पुढे पोलिसी दप्तरात संशयित म्हणून नोंदले गेले. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता, १९११च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू करता आला आणि १९५२ साली तो रद्द झाला. 'भामटा' या शब्दाचे भाग्य याहून वेगळे नाही. तेथे तर जातिनाम आणि शिवी यांत एका मात्रेचाही फरक उरलेला नाही.

योगायोगाची गोष्ट अशी की, 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' (१८३९) लिहून ठगांना इंग्रजी कादंबरीत आणणारा मेडोज टेलरच पुढे सुरपूरच्या बेरड संस्थानचा कारभार पाहत होता. तेथील अल्पवयीन राजा वेंकटप्पा नायक याच्यावर त्याची माया होती, हे त्याच्या आत्मचरित्रावरून दिसते. या राजाने १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि त्याच वर्षी त्याचा अंत झाला.

लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ साली आले व पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. भीमराव गस्ती यांच्या आत्मकथनाचे नाव तर 'बेरड' असेच आहे. या शीर्षकांची चर्चा आपल्या समीक्षेने 'धीटपणा', 'दाहकता' अशा शब्दांत केली. मला ते अपुरे वाटते. गस्तींनी शिवी मिरवलेली नाही. विशेषण झालेला शब्द त्यांनी पुन्हा नाम म्हणून वापरला आहे. व्याकरणाच्या दृष्टीने ही क्रिया किरकोळ आहे, परंतु तिच्यामुळे मुखपृष्ठावरचा तो शब्द वाचताना मराठी वाचकाला कोणता अर्थ आधी आठवतो, हे त्याचे त्यालाच कळते.

त्या विद्यार्थ्याने नंतर शुल्कसवलतीच्या अर्जासोबत जोडलेला दाखला मला दाखविला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत १४ नावे आहेत, त्यांतले पहिले 'बेरड'. सवलत मिळण्यासाठी तो शब्द दाखल्यावर स्पष्ट अक्षरांत असावा लागतो. माझे परीक्षण पुढे पुस्तकात आले तेव्हा मी तेथे 'निगरगट्ट' घातले. वाक्य थोडे पडले आहे.