अंगणांतील पांखरें

अंगणांतून पांखरें गेलीं म्हणून आम्ही हळहळतों. पण अगोदर झाडें कोणीं घालविलीं, हें विसरतों. पूर्वी कुंपणास, तसाच पानमळ्यांत वेलीस आधार म्हणून, पांगारा लावीत. फाल्गुनांत तो पर्णहीन पण लालबुंद झाला कीं मैना, कावळे, शिंजीर मधासाठीं गर्दी करीत. पुढें तांबड्या फुलांची हौस गुलमोहरानें भागविली. १८२९ सालीं शास्त्रज्ञांनीं वर्णिलेला हा मादागास्करचा पाहुणा शोभिवंत खरा. पण त्याच्या काष्ठवत् शेंगांत बुलबुलानें खावें काय? आम्हींही दारीं तोच लावला. परसांत पांखरांच्या विष्ठेंतून उगवलेला उंबर मात्र तोडावयास सांगितला होता, माळी विसरला. आतां त्याच्या फळांवर तांबट येतो.