अटकेपार जाणारी आगगाडी

मुंबईच्या उत्तरेस मढ या कोळी वस्तीच्या टोकाशीं पोर्तुगीजांनीं बांधलेला एक लहानसा किल्ला समुद्राकडे तोंड करून उभा आहे. १७३९ च्या मोहिमेंत तो मराठ्यांकडे आला व त्याच वर्षीं मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई घेतली. त्यानंतर अवघ्या एकोणीस वर्षांनीं, १७५८ सालीं, मराठी फौजा सिंधुतीरीं अटकेस पोंचल्या. मढापासून अटकेपर्यंतचा पल्ला मराठी घोड्यांनीं एकोणीस वर्षांत गांठला असें म्हटल्यास थोडी अतिशयोक्ति होईल. परंतु १९२८ पासून हाच पल्ला कांहीं दिवसांत गांठणारी एक आगगाडी मालाडच्या, म्हणजे मढाच्या माणसास सर्वांत जवळच्या, स्टेशनावरून न थांबतां धडधडत जाऊं लागली. तिचें नांव फ्राँटियर मेल.

ही गाडी निघाली ती कोणाच्या इतिहासप्रेमामुळें नव्हे. दोन रेल्वे कंपन्यांच्या चुरशीमुळें. विलायतेची डाक आणणारी पी. अँड ओ. कंपनीची आगबोट दर आठवड्यास बॅलार्ड पिअरच्या धक्क्यास लागे. ती डाक आणि तिच्याबरोबर उतरणारे साहेब लोक दिल्ली व पंजाबकडे आधीं कोणी न्यावयाचे, हा प्रश्न होता. जी. आय. पी. रेल्वेची पंजाब मेल १९१२ सालीं सुरू झालेली होती. ती कल्याणवरून थळघाट चढे व इटारसी, झांशी या वाटेनें दिल्लीस जाई. घाटांत दर सदतीस फुटांस एक फूट असा चढ आहे. एका एंजिनाचें तेथें चालत नाहीं. जादा एंजिनें जोडावीं लागतात, आणि त्यांत वेळ जातो. बी. बी. सी. आय. रेल्वेची वाट वसईची खाडी ओलांडून समुद्राच्या बाजूनें सपाट मुलुखांतून जाते. पण तिची अडचण वेगळीच होती. अहमदाबादेच्या पुढें तिचे रूळ अरुंद मापाचे असल्यानें दिल्लीस जाणाऱ्या माणसांस व डाकेस गाडी बदलावी लागे. १९०९ च्या सुमारास नागदा ते मथुरा हा रुंद मार्ग पुरा झाला, तेव्हां बडोदें, रतलाम, कोटा, मथुरा अशी दिल्लीपर्यंत सलग वाट मिळाली. ही वाट सुमारें १३८५ किलोमीटरांची. घाटावरची तिच्याहून दीडशें किलोमीटरांनीं लांब. शाळेंतील मुलें सह्याद्रीचें वर्णन पाठ करतात; त्या पर्वताचें खरें मोल रेल्वेवाल्यांच्या कोळशाच्या हिशेबांत पाहावें.

१९२८ चें साल उपनगरांस दोन कारणांनीं लक्षांत राहण्यासारखें आहे. ५ जानेवारीस कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या धांवूं लागल्या आणि १ सप्टेंबरास फ्राँटियर मेल निघाली. बोटीच्या दिवशीं ती थेट बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून सुटे, एरवीं कुलाब्याहून. १९३० च्या डिसेंबरांत मुंबई सेंट्रल स्टेशन उघडलें आणि कुलाब्याचें स्टेशन बंद झालें. १९३४ मध्यें या गाडीस थंड हवेचा डबा जोडण्यांत आला. त्याची युक्ति मोठी साधी होती: डब्याखालच्या पेट्यांत बर्फाच्या लाद्या ठेवावयाच्या, पंख्यानें वारा त्यांवरून आंत सोडावयाचा, आणि वितळलेल्या बर्फाच्या जागीं वाटेंतील स्टेशनांवर नव्या लाद्या भरावयाच्या. ही गाडी एकदां पंधरा मिनिटें उशिरां पोंचली, तेव्हां मोठी चौकशी झाली, अशी आख्यायिका आहे. आजच्या प्रवाशास ती परीकथाच वाटेल.

दिल्लीच्या पुढें गाडी अमृतसर, लाहोर, रावळपिंडी करीत पेशावरास जाई. वाटेंत अटकेपाशीं १८८३ सालीं खुला झालेला सिंधूवरील लोखंडी पूल लागे. अटक ओलांडूं नये असा आपल्याकडील जुना समज. पण ज्याच्या खिशांत तिकीट आहे त्यास ती झोंपेंतच ओलांडतां येऊं लागली. सरकारच्या सरहद्दीची सोय पाहणारी ही गाडी सरकारच्याच विरुद्धही एकदां उपयोगीं पडली. १९४१ च्या जानेवारींत सुभाषचंद्र बोस कलकत्त्याच्या आपल्या घरांतून निसटले, पठाणाच्या वेषांत गोमोहून दिल्लीस आले, आणि तेथें याच फ्राँटियर मेलमध्यें बसून पेशावरास उतरले. तेथून ते काबूलकडे गेले.

१९४७ सालीं पंजाबची फाळणी झाली आणि गाडी अमृतसरास थांबली. नांव मात्र तेंच राहिलें. १९५१ सालीं बी. बी. सी. आय. ही पश्चिम रेल्वेंत सामील झाली, तरीही तें टिकलें. अखेर १९९६ सालीं तें बदलून गोल्डन टेंपल मेल असें करण्यांत आलें. सरहद्दीस न जाणाऱ्या गाडीस सरहद्दीचें नांव कशास, असें कोणी म्हणेल. परंतु हा आक्षेप बरोबर नाहीं. खैबरखिंडीजवळची सरहद्द अमृतसरच्या वेशीशीं येऊन बसली होती, म्हणजे गाडी १९४७ नंतरही सरहद्दीवरच जात होती. जुनें नांव राहिलें असतें तर त्यांत खोटें कांहींच नव्हतें.

फाळणीनें तुटलेला धागा जोडण्याचा एक प्रयत्न पुढें झाला. १९७६ सालीं अमृतसर व लाहोर यांच्यामध्यें समझोता एक्सप्रेस सुरू झाली. नंतर ती अटारीहूनच सुटूं लागली. मध्यंतरीं अनेकदां थांबली. आणि २०१९ च्या ऑगस्टांत बंद पडली.

मढास आजही आगगाडी नाहीं. मढाचा माणूस मार्व्याच्या रस्त्यानें मालाडास येतो, लोकलनें बोरिवलीस जातो, आणि एके काळीं उपनगरांची पर्वा न करतां निघून जाणारी ही मेल तेथें थांबते तेव्हां तींत बसतो. अमृतसरास तो उतरला, कीं तेथून लाहोर पन्नास किलोमीटर राहतें. रूळ पुढें अटारीपर्यंत गेलेले आहेत.