गोड चवीची वंशावळ

दुधात साखर घातली काय अन् न घातली काय, मांजराला फरक कळत नाही. याचे कारण २००५ साली सापडले. सस्तन प्राण्यांच्या जिभेवर चव टिपणाऱ्या प्रथिनांचे टी१आर नावाचे एक छोटे कुल आहे. त्यात जनुके तीनच. पहिले आणि तिसरे मिळून मांसरसाची, म्हणजे उमामी, चव ओळखतात. दुसरे आणि तिसरे मिळून गोड. मांजराच्या दुसऱ्या जनुकातली २४७ अक्षरे गळालेली आहेत, आणि वाघ व चित्त्यातही तीच मोडतोड आढळते. म्हणजे माणसाच्या घरात येण्याच्या कितीतरी आधी, मार्जारकुळाच्या समाईक पूर्वजातच, हे जनुक निकामी झाले होते. बारकाईने वाचले तर हे कुल प्राण्यांच्या आहाराचा इतिहास सांगते. मात्र त्या साक्षीला मर्यादा आहेत, आणि त्या ओळखल्याशिवाय तिच्यावर भिस्त ठेवू नये.

एका घराण्यातला अपघात तेवढा, त्याचा आहाराशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. २०१२ साली बारा मांसभक्षक गणातल्या प्राण्यांची तपासणी झाली, तेव्हा सातांमध्ये हेच जनुक मोडलेले निघाले. त्यांत समुद्रसिंह होता, ठिपकेवाला तरस होता आणि मादागास्करचा फोसाही. महत्त्वाचे हे की मोडण्याची जागा वेगवेगळ्या घराण्यांत निराळी होती. एकाच पूर्वजाकडून आलेला दोष असता तर जागा एकच असती. वेगवेगळ्या घराण्यांनी आपापल्या वेळी तेच जनुक गमावले, आणि ती बहुतेक निव्वळ मांसावर जगणारी. हा योगायोग मानणे अवघड आहे. पण तांबड्या लांडग्यात ते शाबूत आहे, मग? निरुपयोगी जनुक मोडलेच पाहिजे असा नियम नाही. ते मोडले तरी जिवाचे बिघडत नाही, एवढेच. केव्हा मोडेल हे नशिबावर.

खरी अडचण पांडाची आहे. बांबूवर जगणाऱ्या या अस्वलाचे उमामीचे जनुक सुमारे ४२ लाख वर्षांपूर्वी निकामी झाले असा अंदाज आहे. मांस सुटले म्हणून जनुक गेले, असे म्हणावे तर गाय आणि घोडा पिढ्यान् पिढ्या गवतच खातात, तरी त्यांचे हेच जनुक धड आहे. शिवाय जनुक आधी गेले की आहार आधी बदलला, हे मोडक्या जनुकावरून ठरत नाही. इथे ही साक्ष तोकडी पडते, आणि ती ताणून कहाणी रचणे मला तरी पटत नाही.

पक्ष्यांनी मात्र उलटी बाजू दाखवली. कोंबडीकडे गोडाचे जनुक नाहीच. पक्ष्यांच्या पूर्वजांनी ते फार पूर्वी गमावले. मग फुलांतला मध पिणारा अमेरिकेतला गुंजनपक्षी गोड ओळखतो कसा? २०१४ साली उत्तर मिळाले: उमामीच्याच जोडीत बदल होत होत ती साखरेला प्रतिसाद देऊ लागली. २०२१ साली गाणाऱ्या पक्ष्यांच्या पूर्वजांतही असाच बदल दिसला, पण तो स्वतंत्रपणे घडलेला. आपल्या बागेतला शिंजीर याच गाणाऱ्या पक्ष्यांच्या शाखेतला आहे. या पक्ष्यांनी गमावलेली चव परत मिळवली; डॉल्फिनची मात्र तिन्ही जनुके गेली आहेत, आणि तो मासे न चावता गिळतो.