आयनिक व सहसंयुज बंध

धातूचा अणू इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, अधातूचा अणू तो घेतो आणि विरुद्ध प्रभारांच्या ओढीने दोन्ही जखडले जातात, तो आयनिक बंध; दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक ठेवतात, तो सहसंयुज बंध. १९१६ मध्ये कोसेल आणि ल्यूइस यांनी ही मांडणी केली. धातू-अधातूचा बंध आयनिकच, हा शालेय ठोकताळा मात्र कामचलाऊ आहे. तो कुठे फसतो, हे मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यातील जामसांवलीच्या परिसरातले मँगनीज दाखवते. या तालुक्याचे नाव भूविज्ञानात ‘सौंसर गट’ या खडकांना मिळाले आहे, आणि सीतापार या गावावरून भूवैज्ञानिक फर्मर यांनी एका मँगनीज खनिजाला ‘सीतापाराइट’ म्हटले होते. पुढे ते बिक्सबाइटच निघाले. गावाचा मान गेला!

मँगनीजच्या ऑक्साइडांपैकी दोन टोकांची तुलना करावी. मोनॉक्साइड ही हिरवी पूड १,८०० अंश सेल्सियसच्या वर वितळते. ती बरीचशी आयनिक. हेप्टॉक्साइड हा गडद, तेलकट आणि स्फोटक द्रव सुमारे ६ अंशांवरच वितळतो, तो सहसंयुज. मूलद्रव्ये तीच. मग पॉलिंग यांच्या विद्युतऋणतेच्या, म्हणजे अणू इलेक्ट्रॉन स्वतःकडे किती ओढतो याच्या, मापाचे काय? मँगनीज आणि ऑक्सिजन या दोघांतला फरक १.८९, म्हणजे बंध आयनिक, असे ते माप सांगते. पण एकाच आकड्यातून दोन विरुद्ध पदार्थ कसे समजावेत? खरी गोम ऑक्सिडीकरण अवस्थेत आहे. दोन इलेक्ट्रॉन सोडणे मँगनीजला परवडते. सात पुरते सोडणे परवडत नाही, तिथे वाटून घेणे आले. हेप्टॉक्साइड लवकर वितळते म्हणून सहसंयुज बंध दुबळा, असेही समजू नये: वितळताना सुटते ती रेणूरेणूंमधली पकड, रेणूच्या आतला बंध शाबूत राहतो. गारगोटीत तर सगळे जाळेच सहसंयुज, म्हणून ती इतकी कठीण.

सीमा अशी पुसट असेल तर वर्गीकरणच सोडावे, हा आक्षेप मला टिकाऊ वाटत नाही. पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा पाण्याच्या बादलीत टाकावा. जांभळे धागे खाली उतरतात आणि पाणी रंगते. पोटॅशियमचा आयन सुटा होतो, कारण त्याचा बंध आयनिक. मँगनीज आणि त्याचे चार ऑक्सिजन मात्र एकत्रच राहतात, कारण त्यांच्यातला बंध सहसंयुज; आणि पाण्याचा जांभळा रंग त्यांचाच असतो.